आभाराचं पान

आमच्या कॉलेजात त्यांना सगळे मामाच म्हणायचे. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये बावीस वर्षं मदतनीस. डिग्री नव्हती, पण अक्कल होती. आमचं नेमकं उलटं होणार होतं.

शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी प्रोजेक्ट म्हणून पाणबुड्यांची लढाई करायला घेतली. प्लास्टिकचे दोन डबे, पाणी शिरू नये म्हणून सिलिकॉननं बंद केलेले, प्रत्येकात एक बझर आणि एक माइक. लॅबमागच्या सिमेंटच्या टाकीत ते सोडायचे. आवाजावरून एकमेकींना शोधायचं आणि मग टॉर्पेडोचा सूर सोडायचा. तो जिला ऐकू आला ती बुडाली, तिचा लाल दिवा लागणार.

दिवा लागायचा, पण टॉर्पेडो सोडणारीचाच. सूर टाकीच्या भिंतीवर आपटून परत यायचा आणि आमची बया स्वतःच बुडायची. तीन आठवडे आम्ही प्रोग्रॅमला शिव्या घातल्या. गाइड सर एकदा डोकावले, "कोडिंगमध्ये बघा" म्हणाले आणि चहाला गेले.

मामा दोन दिवस नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "डोंगरात हाक मारली आणि आपलीच हाक परत आली, तर ओ देतो का आपण?"

"नाही."

"का? आपला आवाज आपल्याला ठाऊक असतो. तुम्ही दोघींना एकच आवाज दिलाय. वेगवेगळे द्या की!"

त्यांनी घरून रबरी पायपुसणी आणून टाकीच्या भिंतींना टांगली. आठवड्याभरात लढाई सुरू झाली.

तेव्हा त्यांनी एकदाच काहीतरी मागितलं. तंत्र सहायकाची जागा निघाली होती. वयाच्या अटीत बसणारी ही त्यांची शेवटची संधी. अट अशी, की विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टला मदत केल्याचा लेखी पुरावा हवा. "रिपोर्टात ते आभाराचं पान असतं ना, त्यावर माझं नाव घाला. पूर्ण नाव. मामा नको."

आम्ही हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं!

आमच्याकडे आभाराचं पान कोणी लिहीत नाही. आदल्या वर्षीच्या मुलांकडून फाइल घ्यायची, गाइडचं आणि प्रोजेक्टचं नाव बदलायचं, झालं. आदल्या वर्षीच्या मुलांनी वर्कशॉपमध्ये काम केलं होतं, त्यामुळे त्या पानावर वर्कशॉपच्या मदतनिसाचे आभार होते. ते तसेच छापले गेले. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं.

त्या जागेसाठी वर्कशॉपवाल्यानंही अर्ज केला होता. मुलाखतीत मामांनी आवाजाचं सगळं समजावून सांगितलं. एक साहेब हसून म्हणाले, "रिपोर्ट छान पाठ केलाय." मग त्यांनी रिपोर्टातलं आभाराचं पान उघडलं आणि विचारलं, "दुसऱ्याच्या कामावर हक्क सांगायला लाज वाटत नाही?" जागा वर्कशॉपवाल्याला मिळाली. त्या माणसानं आमची टाकी कधी पाहिलीही नव्हती.

आम्ही गाइड सरांकडे गेलो. "पान कॉपी केलं म्हणाल, तर लोक प्रोजेक्टही कॉपीच म्हणतील," ते म्हणाले. "नोकऱ्या लागल्यात ना? मग तोंडाला कुलूप लावा." आम्ही लावलं. चौघांपैकी एकाचीही झोप उडाली नाही, हे मी आज शरमेनं सांगतो.

कॉलेज सोडताना मी एकटाच लॅबमध्ये गेलो. मामा तारा गुंडाळत होते. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मुद्दाम नाही केलंत, मला माहितीये," ते म्हणाले. "गडबडीत राहून जातं. छापल्यावर ते पान तुमच्यापैकी कोणी वाचलंच नसेल ना?"

"नाही मामा, कोणीच नाही."

"मग जाऊ दे," म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी वाचलं होतं. बाइंडिंगच्या दुकानात, काउंटरवर उभ्या उभ्या. नाव चुकलंय हे तिथंच दिसलं होतं. पान बदलायचं तर पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं असतं, आणि मला भूक लागली होती.