अक्कांच्या टीव्हीवरचा राजीनामा

मालिकेतला सासरा पडद्यावर आला की अक्का डोक्यावरून पदर घ्यायच्या. तो निघून गेला की पदर खाली. एकाच भागात तो चार वेळा आला तर चारही वेळा हे व्हायचं, आणि त्यात काही गमतीचं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. मालिकेतला नवरा आला की त्या तोंड फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायच्या आणि आम्हाला विचारायच्या, "गेला का तो मेला?"

मालिकेचं नाव मी सांगत नाही. ज्यांनी पाहिली त्यांच्या ते लक्षात येईलच, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांना आमचं वेड नाव सांगूनही कळायचं नाही. वंदना नावाची एक मुलगी, तिला सासरच्यांनी घराबाहेर काढलेलं, ती डोंगरातल्या एका गावी शाळेत शिकवायला लागते, पुढे तिथलीच मुख्याध्यापिका होते. एवढीच गोष्ट. पण रविवारी सकाळी तिचं शीर्षकसंगीत सुरू झालं की दीपनगरात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. आमची वसाहत वीज केंद्राची. आसपासच्या गावांत दिवे गेले तरी आमच्याकडे सहसा जात नसत, त्यामुळे रविवारी प्रत्येक क्वार्टरला कुठल्या कुठल्या गावचे पाहुणे असायचे. सगळ्यात जास्त अक्कांकडे. चपला बाहेर, पोरं पुढे, बाया मागे, आणि बोलायचं फक्त अक्कांनी, हा नियम.

आणि त्या बोलायच्या, म्हणजे थेट टीव्हीशी. वंदनाला त्या 'वंदी' म्हणत. "वंदी, दार लावून घे वं बाई, तो मांगून येऊ राह्यला." मालिका हिंदी, अक्का रावेर तालुक्यातल्या, शाळेत फारशा न गेलेल्या. तरी मागच्या बायांना अर्थ सांगायचं काम त्यांचंच. तो अर्थ मूळ संवादापेक्षा लांब असायचा आणि, माझं प्रामाणिक मत आहे, बरेचदा चांगलाही. पडद्यावर वंदना नुसती "जी" म्हणायची, अक्का सांगायच्या, "ते म्हने, तुमचं ऐकून घेतलं, आता मी माह्या मनाचं करीन." आम्ही पोरी त्यांच्या हिंदीला हसायचो. चित्र काळं यायला लागलं की अँटेनावर केंद्राच्या धुराड्याची राख बसली असणार म्हणून त्या कुणाला तरी फडकं घेऊन गच्चीवर पिटाळायच्या. जाहिराती लागल्या की भाजलेल्या बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पाटी फिरायची.

त्यांचे यजमान, अण्णा, या वेळी बाहेर ओट्यावर बसून असायचे. शांत माणूस. घर माणसांनी भरलेलं आणि घरधनी बाहेर, याचं आम्हाला नवल वाटायचं. पण अक्कांनी त्यांना कधी आत या म्हटलं नाही, आणि तेही कधी आले नाहीत.

मी शेजारच्या क्वार्टरमधली. म्हणजे लग्न होऊन धुळ्याला गेलेली आणि दोन वर्षांत परत आलेली. नवऱ्याचा हात उठायचा. आई नव्हती. वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, केंद्रात ऑपरेटर होते. ते मला कधी टाकून बोलले नाहीत, पण परत जाऊ नकोस असंही त्यांनी म्हटलं नाही. धुळ्याहून मला परत नेण्याच्या बैठकीचे निरोप आले की ते म्हणायचे, "पाहू." रविवारी मात्र ड्युटी नसली की अक्कांच्या दारात, चौकटीला टेकून, मालिका न चुकता बघायचे. वंदना पहिल्या पगारातून स्वतःला छत्री घेते त्या भागाला मी त्यांना डोळे पुसताना पाहिलं आहे. त्या मालिकेवर मी जीव टाकत होते तो काही उगाच नाही. ती मुलगी ठाम उभी राहिली तर दादांनाही माझ्यासाठी उभं राहता येईल, असं मी मनात धरलं होतं. अक्कांना हे मी सांगितलं नव्हतं. त्यांना सांगावं लागत नसे.

शेवटचा भाग जाहीर झाला आणि नेमकी त्याच्या पुढच्याच गुरुवारी आमच्याकडे बैठक ठरली.

त्या रविवारी अक्कांकडे पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांनाही माणसं लटकलेली. मालिकेत वंदनाच्या शाळेत सासरची मंडळी वकील घेऊन आली. अक्कांचा पदर वर गेला. वकील बोलला, सासरा बोलला, नवऱ्याने हात जोडले. वंदनाने पेन उचललं, कागदावर सही केली, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, "मैंने राज़ीनामे पर दस्तख़त कर दिए हैं." जराशी हसली. चित्र तिथेच थांबलं, संगीत वाजलं, नावं वर सरकायला लागली. संपलं.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग अक्का उभ्या राहिल्या. "ऐकलं का? राजीनामा. पोरीनं राजीनामा फेकला त्याच्या तोंडावर." आणि खोलीत जो गलका झाला तसा मी आयुष्यात परत ऐकला नाही. बाया टाळ्या वाजवत होत्या. मी कुणाच्या तरी गळ्यात पडून रडत होते. दारात दादा हसत होते.

हा आनंद जेमतेम दुपारपर्यंत टिकला. समोरच्या क्वार्टरमधल्या, जबलपूरच्या भाभी बिबड्यांची ताटली परत करायला आल्या आणि सहज म्हणाल्या, "अक्का, राज़ीनामा यानी समझौता. वह तो घर लौट गई."

सोमवारी वसाहतीत दोन तट पडले. नळावर, शिफ्टच्या बसमध्ये, भाजीच्या गाडीपाशी तोच विषय. काहींना बरं वाटलं, शेवटी संसार सावरला म्हणून. काही इतके चिडले की परत म्हणून टीव्ही लावणार नाही म्हणाले आणि संध्याकाळी बातम्यांना लावला. एवढे महिने तिला कशाला डोंगर चढायला लावला, परतच पाठवायची होती तर, असं एक बाई रडवेल्या होऊन विचारत होत्या. सगळी मालिकाच वाया गेली असं कुणी म्हटलं तेव्हा मात्र अक्का भडकल्या. "भरीत शेवटाले करपलं म्हनून काय पयला घास खोटा व्हते का? तिची छत्री इसरले का तुम्ही?"

आणि भाभींना त्यांनी सांगून टाकलं, "तुमच्या हिंदीत गेली आसंन. माह्या घरात, माह्या टीव्हीवर, ते नही गेली." लोक हसले. अक्कांना हिंदी येत नाही हे एकदाचं सिद्ध झालं.

मला हसू येत नव्हतं. कारण दादा जेवताना म्हणाले होते, "म्हणजे तिनंसुद्धा समझोताच केला." त्यांनी ते मला ऐकू जाईल असं म्हटलं नव्हतं, पण मी ऐकलं.

गुरुवारी धुळ्याहून माझे चुलत सासरे, नाना, दोन माणसं घेऊन आले. बोलायला गोड. "जे व्हयनं ते बठ्ठं इसरी जाऊत," ते दादांना म्हणाले. "आमनी सून शे, आमीन लेवाले उनूत. समझोता करी टाकू." झालंगेलं विसरून मला न्यायला आले होते ते. दादा जमिनीकडे बघत होते. मी आत चहा गाळत होते.

तेवढ्यात अक्का आल्या. बोलावलं नव्हतं. सरळ पुरुषांच्या रांगेत खुर्ची ओढून बसल्या. टीव्हीतल्या सासऱ्यासमोर डोकं झाकणारी ही बाई, पण त्या दिवशी खऱ्याखुऱ्या नानांसमोर त्यांचा पदर खांद्यावरच होता. त्यांनी मला हाक मारली.

"पोरी, बाहेर ये. तुले इचारते. कोनाकडे पाहू नको. काय देते तू, समझोता का राजीनामा?"

माझ्या तोंडून शब्द कसा फुटला ते मला अजून सांगता येत नाही. पण फुटला. "राजीनामा," मी म्हटलं. मराठीत.

नाना गोंधळले. "कसाना राजीनामा? ही काय नोकरी शे का?"

"नोकरीच व्हती, नाना," अक्का म्हणाल्या. "बिनपगारी."

दादांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं आणि नानांना म्हणाले, "मुलीनं सांगितलं. आता मी वेगळं काय सांगू?" चहा न घेताच पाहुणे उठले. मी तो चहा नंतर अक्कांच्या शेजारी बसून प्यायले.

पुढे मी डी.एड. केलं, जळगावला शाळेत लागले, पिंप्राळ्यात दोन खोल्या घेतल्या. अण्णा निवृत्त झाले आणि अक्का गावी गेल्या. काही वर्षांनी त्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी जळगावला आल्या तेव्हा हट्टाने माझ्याकडेच उतरल्या. त्या दिवसांत ती मालिका दुपारी पुन्हा दाखवत होते. डोळ्यावर हिरवी पट्टी, तरी अक्का टीव्हीसमोर बसायच्या, नुसतं ऐकायला. सासऱ्याचा आवाज आला की पदर वर.

शेवटचा भाग आम्ही दोघींनीच ऐकला. राजीनामा शब्द आला आणि मला हसू फुटलं. मी म्हटलं, "अक्का, तुमच्या कच्च्या हिंदीनं माझं भलं केलं बघा."

"माही हिंदी कच्ची?" अक्का म्हणाल्या. "माहं माहेर बऱ्हानपूरच्या वेशीवर, तिथं हिंदीच चालते. राजीनामा म्हंजे काय, ते त्या भाभीनं मले शिकवाव का? म्या सोता देल्ता. आंगठा लावून, कोर्टाच्या व्हरांड्यात. तुह्यापेक्षाही ल्हान व्हती. आन गेली परत."

मी विचारलं, "म्हणजे, अण्णा?"

"दुसरं कोन?" त्या म्हणाल्या. "नंतर सुधरला तो. मले इचारलं नव्हतं कोनी, एवढंच." आणि पट्टीखालून गालावर आलेलं पाणी पदराने टिपत त्यांनी बिबडी मागितली.

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या मालिकेची आठवण काढणारे लोक अजून भेटतात. सगळं छान होतं, शेवट तेवढा बिघडवला, ती परत जायला नको होती, असं हळहळून सांगतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. इतकंच सांगते, की आमच्या दीपनगरच्या टीव्हीवर ती परत गेली नव्हती.