बाबालालभाईंचा पाळणा

बाबालालभाई अंड्यांशी हळू बोलत आणि माणसांशी ओरडून. लोणावळ्याच्या बाजारात त्यांच्या अंड्यांच्या दुकानामागची खोली मी भाड्याने घेतली होती, त्यामुळे हे दोन्ही आवाज मला रोज सकाळी पाठोपाठ ऐकू यायचे. एकेक अंडं उन्हाकडे धरून ते आरपार बघायचे, "बरं हायेस न्हवं? बस मग हितं," असं पुटपुटत ते तुसात ठेवायचे, आणि त्याच दमात समोरच्या गिऱ्हाइकावर खेकसायचे, "हात मागं घे. हात हाय का कुदळ?" गिऱ्हाईक बंगल्यावरचा खानसामा असो नाहीतर खुद्द बंगल्याचा मालक, बाबालालभाईंच्या लेखी सगळ्यांचे हात कुदळच होते. तरी गिऱ्हाईक दुसरीकडे जात नसे, कारण न तडकलेलं अंडं मिळण्याची खात्री गावात तेवढ्या एकाच ठिकाणी होती. बोलणी फुकट मिळायची.

माझी त्यांची पहिली भेट बसमध्ये झाली. नर्सिंगचं शिक्षण संपवून मी लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात रुजू व्हायला निघाले होते. कामशेतला एक हडकुळा माणूस चहाची जुनी लाकडी पेटी छातीशी धरून चढला आणि माझ्या शेजारी ती मांडीवर घेऊन बसला. ओझं खाली ठेवा की, असं मी म्हटलं, तर अगदी हळुवारपणे म्हणाला, "लेकरं हायेत बाई. निजल्यात." मी पडले नर्स. बंद पेटीत लेकरं म्हटल्यावर मी झटकन झाकण उचललं. त्यानंतर तो माणूस असा काही ओरडला की ड्रायव्हरने दचकून ब्रेक मारला. मग ब्रेक मारल्याबद्दल ड्रायव्हरचा उद्धार सुरू झाला, "डोळं खिशात घालून आलायस काय? खड्डा दिसंना व्हय तुला?" तो लोणावळा येईपर्यंत चालला. मी मात्र तेवढ्यात पेटीत डोकावून घेतलं होतं. आत अंडी होती, आणि खरंच निजल्यासारखी दिसत होती.

त्या पेटीला ते पाळणा म्हणत. त्यांच्या वडिलांच्या काळी गावोगावची अंडी टोपलीत, भाताच्या तुसात पुरून डोक्यावरून आणत. बाबालालभाईंचं म्हणणं, तूस चढावर ठीक आहे, पण उतारावर ते खाली बसतं आणि दगा देतं. म्हणून त्यांनी चहाच्या पेटीच्या आत दुसरी लहान पेटी टांगली होती, चारी कोपऱ्यांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी. लहान पेटीत पेंढ्याच्या दोरीची वेटोळी करून केलेली घरटी, प्रत्येक अंड्याला आपलं वेगळं, आणि मधल्या फटींत तूस. बाहेरची पेटी कितीही आदळली तरी आतली नुसती झुलायची. याचं सगळं शास्त्र त्यांच्या एका वाक्यात होतं: "बांधलं की फुटलं. झुलू द्यायाचं."

घरी मात्र झुलणं वगैरे काही नव्हतं. त्यांची बायको जैनबी ही शांत बाई. त्या घरात जो काही शांतपणा होता तो सगळा तिच्या वाट्याला आला होता. नूरी ही एकुलती एक मुलगी, मुळातच भित्री. बाबालालभाई बाहेरून ओरडत आले की ती दचकायची, हातातलं भांडं पडायचं, भांडं पडलं म्हणून ते आणखी ओरडायचे, आणि मग दुसरं भांडं पडायचं. त्यामुळे त्या घरात काच आणि चिनीमाती कधी शिरलीच नाही, सगळी भांडी पितळेची होती. जो माणूस पवन मावळातल्या वाड्यावस्त्यांवरून अंडी आणताना एकाला तडा जाऊ देत नव्हता, त्याच्या घरात एक कपबशी टिकत नव्हती. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, "पोरगी ठोकळ्यावाणी हाय, सिस्टरबाई. कदी ध्यान न्हाई." आपलं काही चुकत असेल ही शंका त्यांच्या आसपासही फिरकत नसे.

पुढे बसवाल्यांनी त्यांना पेटीसकट घ्यायचंच बंद केलं. त्यांच्या तोंडाचा पट्टा रोज कोण सहन करणार? तेव्हा पवन मावळातून लोणावळ्याच्या हॉटेलांना दूध आणणाऱ्या ट्रकवर त्यांनी पाळणा चढवायला सुरुवात केली. ट्रक हसन नावाचा एक पोरगेला ड्रायव्हर चालवायचा. कमी बोलणारा, कामाला वाघ. एके दिवशी बाबालालभाईंना ताप भरला म्हणून पाळणा एकटाच आला. हसनने तो जोखमीचा माल म्हणून फार जिवापाड सांभाळला. इतका, की झाकण उघडून आतली पेटी झुलताना पाहिली तेव्हा त्याचा जीव घाबरा झाला, आणि त्याने ती बाहेरच्या पेटीला सुतळीने करकचून आवळून टाकली. माल बांधल्याशिवाय गाडी हलवायची नाही हेच तर त्याला शिकवलेलं होतं. लोणावळ्यात झाकण काढलं तेव्हा आत नुसता बलक.

त्या दिवशी तापातल्या बाबालालभाईंनी भर बाजारात हसनची जी काही हजामत केली, ती ऐकून शेजारच्या शिंप्याने दुकान अर्धं बंद केलं. डोळे खिशात वगैरे सगळं झालंच, शिवाय त्याच्या सात पिढ्यांच्या गाडी चालवण्याबद्दल झालं, ज्यांतल्या सहांनी गाडी पाहिलीही नसावी. हसन मान खाली घालून ऐकत होता. ऐकता ऐकताच त्याने पेटी धुतली, पेंढ्याची घरटी उन्हात वाळत घातली आणि निघताना चुकलो म्हणाला. जैनबी दारातून हे सगळं बघत होती. महिन्याभरात तिने नूरीसाठी हसनचं स्थळ काढलं. माझ्यापाशी म्हणाली, "ह्यांचं समदं ऐकून घेतलं आन् पेटी बी धुतली. आनखी काय बगायाचं?" बाबालालभाईंना नकार द्यायला एकही धड कारण सापडलं नाही. कबूल झाले, पण एका अटीवर: "पोरगी दिली. पाळना देनार न्हाई. त्येनं पाळन्याला हात लावायचा न्हाई." आणि लग्नानंतर जावयाशी बोलणंच टाकलं. ओरडणंसुद्धा. एवढी मोठी शिक्षा त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कुणाला दिली नव्हती.

नूरीला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात रक्त दिसू लागलं. डॉक्टरीणबाई पवन मावळात तिच्या सासरी जाऊन तपासून आल्या. वार गर्भाशयाच्या तोंडाशी आली होती. बाळंत होईपर्यंत मुलीला दवाखान्यात झोपवूनच ठेवायला हवं, पण आणताना एखादा जोराचा धक्का बसला तर आई आणि मूल दोन्ही हातचं जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मधला रस्ता कसला होता ते मी काय सांगू? कामशेतपर्यंत तर तो नव्हताच, नुसते खड्डे एकमेकांना जोडलेले होते.

बाबालालभाई ऐकून घेऊन उठले आणि पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूबा घेऊन आले. जैनबी आणि मीही त्यांच्याबरोबर गेलो. नूरीच्या सासरच्या अंगणात त्यांनी हसनच्या ट्रकमध्ये एक बाज टांगली, चारी कोपऱ्यांना रुंद पट्ट्यांनी, आणि खाली तुसाची पोती पसरली. आता तपासायचं कसं? त्यांनी जैनबीला बाजेवर झोपवलं, तिच्या दोन्ही अंगांना गोधडीत अंडी मांडली आणि हसनकडे न बघता, हवेत बोलल्यासारखं, ओढ्याच्या उतारावरून गाडी घेऊन यायला सांगितलं. पहिल्या फेरीत काही अंडी गेली. पट्ट्या ढिल्या केल्या. दुसऱ्या फेरीत एकही गेलं नाही. जैनबी लुगडं झटकत खाली उतरली आणि मला म्हणाली, "जल्मात पयल्यांदा ह्यांनी मला अंड्यांच्या बरुबरीनं धरलं."

सकाळच्या उन्हात आम्ही निघालो. बाजेवर नूरी, पायाशी मी माझी पिशवी घेऊन, आणि उशाशी बाबालालभाई, एका पट्टीवर हात ठेवून. पुढे हसन एकटा. मी मनाची तयारी केली होती ती खड्ड्यांपेक्षा बाबालालभाईंच्या तोंडाची. पहिला खड्डा आला. बाज झुलली, नूरीने डोळे मिटून घेतले. बाबालालभाई गप्प. दुसरा आला, ओढा आला, समोरून बैलगाडी आडवी आली, कुणाचं तरी रेडकू मधेच बसून राहिलं. तरी गप्प. मला वाटलं यांनाच काहीतरी झालं. हसनलाही तेच वाटलं असावं. त्याने गाडी हळूच थांबवली, मागे आला आणि घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मामू, काय झालं?" बाबालालभाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने चल म्हणून खुणावलं. कामशेतला मोठा रस्ता लागला तसे मागून येणारे ट्रकवाले भोंगे वाजवून आमची आई-बहीण काढू लागले. त्यांना उत्तर द्यायला या तालुक्यात बाबालालभाईंइतका लायक माणूस नव्हता. ते त्यांच्याकडे हात जोडून बघत राहिले.

दवाखान्याच्या दारात बाज उतरवायची वेळ आली. एका टोकाला बाबालालभाई उभे राहिले, दुसऱ्या टोकाला मदतीला बाजारातली चार माणसं पुढे झाली. त्यांनी चौघांचे हात एकदा नीट बघितले. मग मागे वळून म्हणाले, "हसन, तू धर."

नूरी आत खाटेवर सुखरूप झोपली, रक्त थांबलं, डॉक्टरीणबाई हसल्या. तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेल्या बाबालालभाईंना मी विचारलं की वाटेत तुमची वाचा बसली होती की काय. ते आपल्या हातांकडे बघत म्हणाले,

"माज्या आवाजानं ती ल्हानपनापासनं दचकती, सिस्टरबाई. मला ठावं हुतं. रस्त्याचं धक्कं माज्या हातात न्हवतं. आवाजाचा तेवडा एकच हुता."

इतकी वर्षं मी समजत होते की या माणसाला काही कळत नाही. कळत होतं तर मग इतकी वर्षं ओरडला का, असा राग आला, आणि त्यांच्याकडे बघून तो टिकलाही नाही.

मुलगी झाली, गुटगुटीत. माणूस सुधारला असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं काही नाही. नात पहिल्यांदा त्यांच्या हातात देत होते तेव्हा, मी ती कशी धरली आहे यावरून, ते माझ्यावर असे ओरडले की डॉक्टरीणबाई आतून धावत आल्या. हसनला ओरडणंही लगोलग सुरू झालं. तो बिचारा खूश होता. पाळणा आता तोच ट्रकमध्ये चढवायचा आणि उतरवायचा, सुतळीला हात न लावता.

पुढे पोल्ट्रीची पांढरी अंडी आली, पुठ्ठ्याच्या ट्रेमधून, चळतच्या चळत. बाबालालभाईंनी एक उचलून उन्हाकडे धरलं आणि खाली ठेवलं. त्याच्याशी काही बोलले नाहीत. दुकानात मग गिऱ्हाईक कमी आणि ओरडणं जास्त झालं, आणि एका उन्हाळ्यात, दुपारी जेवून पडले असताना, ते झोपेतच गेले. त्या एका प्रवासानंतर त्यांच्या हातून इतकं गुपचूप झालेलं मी तेवढंच पाहिलं.

त्यांच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत, म्हणून जैनबी, नूरी आणि मी ओटीवरच उभ्या राहिलो. जनाजा उचलला. पुढच्या खांद्याला हसन होता, बाकीची बाजारातली तरणी पोरं, पाय उचलून झपाझप निघालेली. शिंप्याच्या दुकानापुढे रस्ता उखडलेला आहे. तिथे एका पोराचा पाय मुडपला आणि जनाजा एका अंगाला कलला. आणि ज्या हसनचा चढलेला आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता, तो भर बाजारात ओरडला.

"डोळं खिशात घालून आलायस काय? खड्डा दिसंना व्हय तुला?"

सगळा बाजार जागच्या जागी थांबला. नूरी माझ्या शेजारी होती. तिच्या हातात पाण्याचा पितळी तांब्या होता आणि तो तसाच राहिला, पडला नाही. मग ती पोरं पुन्हा निघाली, अगदी हळू, एकेक पाऊल बघून टाकत.