तीन हात झोळ

चिमूरच्या बाजारात निशातच्या बापाला सगळे 'ढिले नवाब' म्हणत. धंदा वेल्डिंगचा आणि जड सामान उचलून चढवायचा. पण नवाबने बांधलेला दोर कधी ताठ म्हणून दिसला नाही, मधोमध झोळ पडलेलाच. पोरीला त्या नावाची लहानपणापासून चीड. गुडघे गेले तेव्हा बापाने दुकान तिच्या हवाली केलं आणि तिने मनाशी ठरवलं, आपलं काम कसं ताठ दिसलं पाहिजे. झाडूसुद्धा भिंतीला सरळ टेकवून ठेवणारी बाई ती.

खिडक्यांच्या जाळ्या करता करता तिला पहिलं मोठं काम मिळालं, जवळच्या एका गावच्या तलावाचं लोखंडी गेट. जुनं लाकडी गेट कुजून फुटलं होतं. पाणी रोज उतरत होतं आणि त्याच्यासोबत तिथे मासेमारी करणाऱ्या ढीवरांनी नुकतीच सोडलेली बोटुकली, म्हणजे मासळीची बोटभर पिल्लं, नाल्याने वाहून चालली होती. ती गेली की त्या घरांचं वर्षच गेलं.

तलावाची पाळ, म्हणजे बांध, अरुंद आणि ओली, क्रेन काही चढेना. मग ठरलं असं, की गेट जिच्यात बसायचं त्या विहिरीवर फळ्या टाकून गेटची लोखंडी प्लेट त्यांच्यावर ठेवायची. दोन बाजूंच्या मोहाच्या झाडांना तारेचा दोर बांधायचा, मधोमध चेनपुली लटकवायची, प्लेट उचलायची, फळ्या काढायच्या आणि प्लेट अलगद खाली सोडायची. प्लेट तीन क्विंटलची आणि दोर सहा क्विंटल झेलणारा. दुपटीचा दोर, मग भ्यायचं कशाला?

दोर ताणायला ढीवरांचा म्होरक्या डोमा पुढे आला. जाळ्याचा वरचा दोर ढिला पडला की मासा वरून निसटतो, हे त्याच्या हाडात भिनलेलं. त्याने तारेचा दोर असा ताणला, की बोटाने छेडला तर वाजला.

"याले मनतात दोर," डोमा म्हणाला. "तुह्या बापासारखा नाई."

निशातला बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, फारच बरं वाटलं.

प्लेट फळ्यांवरून वीतभर उठली आणि दोर काडकन तुटला. नशीब, कोणाला लागलं नाही. सगळ्यांनी मिळून दोर विकणाऱ्याचा उद्धार केला. निशात मात्र तोंड पाडून घरी आली. पाणी तिकडे उतरतच होतं.

"अब्बा, तुमी दोर ढिला काऊन ठेवत होते?" तिने विचारलं.

"कारन मले का मालूम?" नवाब म्हणाला. "ताठ दोर धोका देते, एवढं मालूम हाय. लोक हसत, हसू दे."

एवढ्याने तिचं समाधान होईना. सकाळी तिने पाण्याची बादली दोरीच्या मधोमध अडकवली, एक टोक आईच्या, अख्तरीच्या, हातात दिलं आणि दुसरं आपण धरलं. दोघी जवळ उभ्या, तर बादली सहज उचलली. एकमेकींपासून मागे सरकत गेल्या, तसे हात भरून यायला लागले. बादली तीच, पाणी तेवढंच. अख्तरीने "सकायी सकायी काय खूळ हाय हे" म्हणत दोरी सोडून दिली, पण निशातच्या डोक्यात उजेड पडला होता. दोरी आडवी झाली की तिचं वर उचलणं कमी होतं, आणि दोन बाजू एकमेकींनाच ओढत बसतात.

तिने कोळशाने फरशीवर त्रिकोण काढला. दोराच्या एका बाजूवर अर्धं वजन येतं. मग त्या बाजूची लांबी झोळाच्या जितकी पट, तितक्या पटीने ताण वाढतो. काल एका बाजूचा दोर पाच हात आणि झोळ जेमतेम अर्धा हात. झाले दहापट. दीड क्विंटलचे पंधरा क्विंटल! दोर विकणारा बिचारा निर्दोष होता. झोळ तीन हात ठेवला तर दोर एका बाजूला सहा हात लागेल, म्हणजे दुप्पट, म्हणजे तीनच क्विंटल. सहाचा दोर ते हसत झेलेल.

तसाच नवा दोर घेऊन ती पाळीवर गेली. डोमा ऐकेना.

"ढिल्या दोरानं प्लेट उचलनच नाई, खालीच लोंबन."

"त दोर झाडावर तेवढा वर बांधू, भाऊ," निशात म्हणाली आणि तिने बादली काढली. चार ढीवरांना दोरीच्या दोन टोकांना उभं केलं. "आता बादली मधात ठेवून दोरी सरळ करून दाखवा."

चौघांनी पाय रोवले. मग डोमानेही हात लावला. घामाघूम झाले, पण दोरी काही सरळ होईना. डोमाची बायको गोकुळा पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"पाच जन अन् एक बादली," ती म्हणाली.

डोमाने दोरी टाकली, तारेचा दोर खांद्यावर घेतला आणि स्वतः मोहावर चढला. दोन्ही झाडांना जाड बेचक्यात पोत्यांवरून दोर बांधून उतरला. तीन हातांचा झोळ निशातने काठीने मोजून घेतला.

साखळी खडखडली. प्लेट उठली, हातभर वर आली, आणि दोर हूं की चूं करेना. फळ्या निघाल्या. प्लेट खाली गेली, खाचेत बसली. नाल्याचं पाणी बारीक झालं, मग थेंबथेंब, मग थांबलं. कोणीतरी घमेलं वाजवायला लागलं. निशातचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

तिने बापाला फोन लावला. "अब्बा, बसलं."

"झोळ किती ठेवला?"

ती सांगणार तोच डोमाने फोन हातातून घेतला.

"तीन हात, नवाबभाऊ," तो म्हणाला. "अन् आता तुमाले कोनी ढिले मनलं, त मले सांगा."