खारीच्या केसांचा ब्रश

मुलांचे चेहरे रंगवायचा धंदा करणार, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा नवऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, "ह्याचे पैसे कोण देतं?" प्रश्न रास्त होता. मी शाळेत चित्रकला शिकवत होते आणि दरवर्षी गॅदरिंगला चाळीसेक वाघ आणि तेवढेच ससे रंगवून देत होते, तेही फुकट. फुकटच्या कामाचं कौतुक फार होतं, आणि तेवढ्यावरच भागतं.

शाळेत आम्ही पोस्टर कलरच फासायचो. धंद्यालाही तोच चालेल असं वाटून मी एका दुपारी स्वतःच्या गालावर फुलपाखरू काढलं. तासाभरात ते तडकलं आणि गाल खाजून लाल झाला. इतक्या वर्षांच्या सगळ्या वाघांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

मग चेहऱ्यासाठीच केलेल्या, ओल्या ब्रशने उचलायच्या रंगांच्या वड्या मागवल्या. त्या महिन्यात साडी घ्यायची होती, ती राहिली. रंग सहाच घेतले: पांढरा, काळा, लाल, पिवळा, निळा आणि सोनेरी. हिरवा, जांभळा मिसळून होतात. सोनेरी होत नाही, आणि आमच्या जळगावात सोन्याच्या बाबतीत कुणी हलकं खपवून घेत नाही. मेकअपचे स्पंज आणून प्रत्येकाचे दोन तुकडे केले. एका मुलाला एक तुकडा, म्हणजे एकाची सर्दी दुसऱ्याच्या गालावर जायला नको. हस्तकलेची चमकी डोळ्यांना वाईट, म्हणून ती शाळेतच ठेवून चेहऱ्याची वेगळी आणली. कान कोरायच्या कापसाच्या काड्या, ओले वाइप्स, हातात धरायचा आरसा, पाण्याला स्टीलचे दोन पेले. सरावासाठी स्टेशनरीच्या दुकानातून नायलॉनचे तीन ब्रश घेतले, स्वस्तातले. नवरा ठिबक सिंचनाच्या दुकानात कामाला आहे. नळ्यांच्या जोडण्या ठेवायचा खणांचा एक डबा त्याने आणून दिला, म्हणजे त्याचा प्रश्न मिटला असं मी धरून चालले.

राहिला एक चांगला ब्रश. तो नानांनी दिला.

नाना म्हणजे माझे वडील, धुळ्यातले पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, शाळांच्या भिंती, सगळं त्यांच्या हातचं. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचे आणि त्यांनी आखलेल्या अक्षरांत रंग भरायचे. करंगळी भिंतीला टेकव, दम धर आणि रेघ एका दमात ओढ, एवढंच त्यांनी मला शिकवलं. पाटी झाली की खालच्या कोपऱ्यात ते बारीक अक्षरांत सही करायचे. एकदा मी म्हटलं, अर्धी पाटी मी भरली, मीपण करू का सही? तेव्हा म्हणाले, "सही पेंटरनी ऱ्हास. जव्हय तुनं सोतानं गिऱ्हाईक व्हई, तव्हय तू कर."

पुढे फ्लेक्स आले आणि नानांचं काम बंद पडलं. मला पहिली ऑर्डर मिळाल्याचं ऐकून त्यांनी ट्रंकेतून कागदात गुंडाळलेला एक कोरा ब्रश काढला. "हाऊ घे. खारना केस शेतस. नवी पाटीसाठे ठेयेल व्हता, पाटीच उनी नई." कोऱ्या ब्रशचे केस विस्कटू नयेत म्हणून टोकाला लावतात तो गोंद, भिजवला की जाणारा, अजून तसाच कडक होता. पहिल्या कामाच्या दिवशीच हा भिजवायचा, असं मी ठरवून टाकलं. मला गालावर फुलपाखरं काढायची होती हे खरं, पण त्याहून जास्त मला नानांच्या तोंडून पेंटर म्हणवून घ्यायचं होतं.

ऑर्डर मेहरूण तलावाकडच्या एका बंगल्यातली होती. डाळमिलवाल्यांचं घर, राजस्थानातून कधीकाळी आलेलं, आणि नातवाचा पाचवा वाढदिवस. गच्चीवर वीस मुलं रांगेत उभी आणि प्रत्येकाला पहिला नंबर हवा होता. मी डबा उघडला, सगळं नीट मांडलं आणि खारीचा ब्रश सगळ्यांत वर ठेवला, लोकांना दिसेल असा. मला मिरवायची हौस दांडगी.

तो दिसला तो मुलाच्या आजीला. पांढरी साडी, करारी नजर. त्यांनी ब्रश उचलला. "बेटा, हे केस कशाचे?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण पेंटरची पोर ती, अस्सल मालाची फुशारकी मारल्याशिवाय राहते का? "खारीचे आहेत. नायलॉन नाही, एकदम अस्सल."

त्यांनी ब्रश टेबलावर ठेवला आणि हात पदराला पुसला. "आम्ही जैन. ह्या घरात मुलांच्या तोंडाला हे नाही लागणार."

माझं डोकं फिरलं. डबा बंद करून तडक निघून जावं असं वाटलं. बापाने आयुष्यभर जपलेली वस्तू आणि ह्या हात पुसतात! पण समोर रांगेतली पहिली मुलगी डोळे मिटून, गाल पुढे करून उभी होती. आजीही रागात नव्हत्या. त्यांनी हळूच विचारलं, "दुसरं काही नाही का?"

दुसरं होतं ते सरावाने विस्कटलेलं नायलॉन. मी खारीचा ब्रश कागदात गुंडाळून ठेवला. स्पंजच्या कडेने पंख उमटवले, कापसाच्या काडीने ठिपके दिले. बारीक रेघेसाठी नायलॉनच्या ब्रशाचं टोक ओठांनी ओलं करणार होते, तेवढ्यात आजींचे डोळे दिसले आणि ते पेल्यात बुडवलं. करंगळी मुलीच्या हनुवटीला टेकवली, दम धरला आणि रेघ ओढली. आली, अगदी सरळ आली. दिवेलागणीपर्यंत वीसही चेहरे झाले. शेवटी आजींनी स्वतःचा तळहात पुढे करून एक मोर मागितला आणि तो मी जीव ओतून काढला.

घरी येते तोच नानांचा फोन. "बुरूस कसा चालना?"

"मस्त चालना, नाना," मी म्हटलं. खरं सांगायची हिंमतच झाली नाही.

महिनाभराने धुळ्याला गेले तर त्यांनी आधी डबा मागितला. एकेक खण बघितला, स्पंजाच्या तुकड्यांवर खूश झाले. मग ब्रशचा कागद सोडला आणि टोकावर अंगठा फिरवला. गोंद तसाच होता.

"हाऊ ते अजून भिजेलच नई. कसाले खोटं बोलनी वं?"

मी सगळं सांगितलं, आजींनी हात पुसला तेसुद्धा. त्यांचा चेहरा पडेल ह्या भीतीने मी खालीच बघत होते. त्यांनी ब्रश पुन्हा कागदात गुंडाळला. मग म्हणाले, "गिऱ्हाईकनं घर, गिऱ्हाईकना नेम," आणि चपला घालून बाहेर पडले. आले ते नायलॉनचा एक जाडसर ब्रश घेऊन. ओसरीवर बसून त्यांनी ब्लेडने त्याची कड छाटली, भिजवला, कागदावर रेघ ओढून बघितली, पुन्हा छाटला. चहा समोर गार झाला. शेवटी टोक सुईसारखं झालं.

"यामा कोनताच जीवना केस नई," म्हणत त्यांनी तो माझ्या हातात दिला. मग खुर्ची उजेडात ओढून बसले आणि गाल पुढे केला. "काढ."

अख्ख्या धुळ्याच्या भिंती रंगवलेल्या ह्या माणसाच्या तोंडाला कधी कोणी रंग लावला नव्हता. मी त्यांच्या हनुवटीला करंगळी टेकवली आणि फुलपाखरू काढलं. ते पापणीही न हलवता बसले. आरशात त्यांनी मान तिरकी करून बघितलं, पाटी बघायचे तसंच.

"डावा पंख जरासा खाले शे," ते म्हणाले. ते खरंच होतं. मग त्यांनी आरसा बाजूला ठेवला आणि गाल पुन्हा माझ्याकडे केला.

"आते खाले सही कर."

मला रडू आवरेना. त्यामुळे अक्षरं वाकडी आली, पण त्यांनी ती पुसू दिली नाहीत.