समोरून फोटो

आळेफाट्याजवळच्या रायफल रेंजवर बक्षीस समारंभाचे फोटो काढायला येणाऱ्या त्या फोटोग्राफरचं नाव मी कधी विचारलं नाही. टेबलावर नुसत्या ठेवलेल्या रायफलच्या पुढूनही तो कधी जात नसे. लांबचा वळसा घालून मागून जाई.

माझ्या मुलीने पदक जिंकलं, तेव्हा मी त्याला म्हणालो, "कॅमेऱ्यावर नेम धरलेला फोटो काढा. फ्लेक्सवर झकास दिसेल."

"समोरून न्हाई काढत, राव. नळी माणसाकडं करायची न्हाई, हितला नियमच हाय."

"अहो, रिकामी आहे. कॅमेरा फुटतोय का तुमचा?" मी हसलो.

तो हसला नाही. "एका लग्नात नवरदेवाच्या मामानं अशीच बंदूक धरली व्हती. त्योबी रिकामी हाय म्हनला. माझ्याशेजारी लाईट धरून माझा भाऊ उभा व्हता. घरी मी एकलाच आलो."

तरीही तो गेल्यावर तसाच फोटो मी मोबाइलवर काढला आणि फाट्यावर मोठा फ्लेक्स लावला.

पुढच्या आठवड्यात तो मला फ्लेक्ससमोरच्या चहाच्या टपरीवर दिसला. चहा घेऊन बाकावर बसला. वर पाहिलं. चित्रातली नळी थेट बाकाकडे होती. तो उठून उन्हात जाऊन उभा राहिला.

"भाऊ, सावली सोडून तिकडं कुठं?" टपरीवाल्याने विचारलं.

"हितंच बरंय," तो म्हणाला.

फ्लेक्स मी त्याच संध्याकाळी उतरवला. त्या बाकावर मात्र मला अजून बसवत नाही.