डीसीएम फाइली मी उडवल्या

"मावशी, पेन ड्राइव्हमध्ये स्कॅनच नाहीये!" वंदना फोनवर ओरडली. "नुसता रिपोर्ट आहे. डॉक्टर विचारतायत, चित्रं कुठे गेली?"

वंदना माझी शेजारीण. ती ठाण्यात माजिवड्याजवळच्या हॉस्पिटलात होती, मी डोंबिवलीत माझ्या झेरॉक्सच्या दुकानात. तिचा नवरा सुहास सकाळी गच्चीवरची टाकी बघायला शिडीवर चढला आणि डोक्यावर पडला. इथल्या सेंटरने मेंदूचा सीटी स्कॅन काढून सीडी दिली. हल्ली सीडी चालणारं मशीन फारसं कोणाकडे नसतं. म्हणून वंदनाने ती माझ्याकडून पेन ड्राइव्हवर करून घेतली आणि सुहासला ठाण्याला हलवलं.

चित्रं कुठे गेली ते मला लगेच कळलं. मीच उडवली होती.

मी चौथी शिकलेली. फाइलच्या नावात टिंबापुढे जी अक्षरं असतात, ती म्हणजे डब्यावरची चिठ्ठी, एवढं मी दुकानात बसून शिकले. जेपीजी म्हणजे फोटो. पीडीएफ म्हणजे छापायला तयार कागद. ईएक्सई म्हणजे आपोआप चालू होणारा प्रोग्राम, व्हायरस बहुधा त्यातूनच येतो. आमच्या धंद्यात शंभर लोकांचे पेन ड्राइव्ह एकाच मशीनला लागतात. त्यामुळे ओळखीचं ठेवायचं, बाकीचं उडवायचं, ही माझी रीत. त्या सीडीत एक पीडीएफ होती, एक ईएक्सई आणि शेकडो डीसीएम. डीसीएम मी जन्मात पाहिली नव्हती. पेन ड्राइव्हवर फक्त पीडीएफ ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी फोन घेतला. "डीसीएम फाइली होत्या का? स्कॅनची चित्रं त्यातच असतात."

"होत्या. व्हायरस समजून मी डिलीट केल्या."

"तुम्ही कोण?"

"झेरॉक्सवाली."

"हे बघा, आत्ताचा स्कॅन माझ्याकडे आहे. सकाळी डोक्यात रक्त किती साचलं होतं, ते बघायचंय. रिपोर्टात त्याचं माप नाही. वाढलं असेल तर लगेच ऑपरेशन. नसेल तर उगाच कवटी उघडायची नाही. सीडी कुठाय?"

मी मशीनचा खण उघडला. घाईत सीडी आतच राहिली होती.

"आहे."

"सगळं झिप करून पाठवा. काहीही उडवू नका."

झिप म्हणजे शेकडो फाइलींचं एक गाठोडं. मेलने ते जाईना, फार मोठं होतं. मग नेटवर चढवायला घेतलं, म्हणजे नुसती लिंक पाठवता येते. निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती.

काउंटरवर एक पेन्शनर काका उभे होते. म्हणाले, "चित्रंच आहेत ना? डीसीएम खोडा, जेपीजी लिहा. व्हॉट्सॲपवर झटकन जातील."

"मिठाच्या डब्यावर साखर लिहिलं म्हणून चहा गोड होतो का, काका? बसा तिकडे."

परत वंदनाचा फोन. "अजून किती?"

"अर्धं गेलं. सुहास कसा आहे?"

"मला ओळखत नाहीयेत."

"चूक माझी आहे, वंदना. शिव्या दे हव्या तर."

"नंतर देते. आधी पाठवा."

वीस मिनिटांनी लिंक गेली. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "उघडल्या. रक्त सकाळच्या दुप्पट झालंय. घेतोय आम्ही त्यांना आत." एवढं बोलून ठेवला.

आता अनोळखी फाइल दिसली की मी आधी विचारते, ही कसली. गिऱ्हाईकालाही माहीत नसेल तर जशीच्या तशी कॉपी करते. व्हायरस आला तर मशीन फॉरमॅट करता येतं.

ऑपरेशन तीन तास चाललं. सुहास वाचला. त्याचा डावा हात अजून नीट उचलला जात नाही.