फोटोपुरती रांग

"शटर ओढा. अर्धं तरी ओढा," अध्यक्ष माझ्या कानाशी म्हणाले. मेडशी शाखेसमोरची रांग एसटी थांब्यापर्यंत पोचली होती, आणि ती आम्हीच लावली होती.

मी त्या सहकारी बँकेत कम्प्लायन्स ऑफिसर होतो. म्हणजे वरून आलेले नियम खाली पाळले जातात, असं वर कळवणारा माणूस. मध्यंतरी बँका बुडाल्या, नियम कडक झाले. त्यातलाच एक स्ट्रेस टेस्टचा. सगळे ठेवीदार एकदम पैसे मागायला आले तर बँक तग धरेल का, याचा हिशेब. तो कागदावर करायचा असतो. पण आमच्या अध्यक्षांचा फोटोशिवाय कशावरच विश्वास नाही.

"चार घरची माणसं उभी करू. भेता कायले?" ते म्हणाले होते. रांगेत पहिले उभे केले त्यांचे मेव्हणे बबनराव. नेमका बाजाराचा दिवस. आपल्याकडे लोक रांगेत आधी उभे राहतात, कशाची ते मग विचारतात. हां हां म्हणता सारा बाजार पासबुकं घेऊन आला.

शटर ओढलं असतं तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक शाखेसमोर हीच गर्दी, आणि बँक संपली असती. मी शटरपाशी आडवा उभा राहिलो. तेवढ्यात बबनराव काउंटरवरून नोटांची थैली घेऊन वळले.

"फोटो झाला ना, बबनराव?" मी विचारलं.

"झाला. पण मांगं गर्दी पाहा ना. बँक बुडली तरी पाच लाखाले विमा हाय, ते ठेवले. वरचे तेवढे काढले म्या."

सगळ्या बँकेत नियम नीट वाचलेला हा एकच माणूस निघाला.

मी अध्यक्षांना म्हटलं, "ती थैली घ्या आणि सगळ्यांदेखत परत भरा."

अध्यक्षांनी थैली धरली. बबनराव सोडेनात. दोघांची ओढाताण थेट काउंटरपर्यंत गेली, पण शेवटी पैसे भरले गेले.

रांगेतली भाजीवाली शेजारणीला म्हणाली, "अध्यक्ष पैसे भराले भांडून राह्यला, अन् आपण काढाले उभ्या. चाल बाई, माया पालक सुकून राह्यला." तिच्यामागे रांग पांगली.

अहवालाला फोटो जोडला. वरून शेरा आला, 'चाचणी वास्तवदर्शी. इतर शाखांतही घ्यावी.' मी त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला.

बबनरावांनी पुढच्याच आठवड्यात पाच लाखांवरची रक्कम गुपचूप दुसऱ्या बँकेत नेली. तेव्हापासून बँक भक्कम आहे का असं कुणी विचारलं, तर मी ताळेबंद दाखवत नाही. अध्यक्षांच्या मेव्हण्यांनी तिथे किती ठेवलेत, तेवढं बघून या म्हणतो.